पिवळी मारबत निळी कशी झाली?

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, दोन मारबती, म्हणजे पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळी मारबत 1881 पासून निघते असे सांगतात, पिवळी 1885 पासून. बरोबर बडगे असतात. महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यावरचे खड्डे, वर्षभरात लोकांच्या डोक्यात गेलेला एखादा पुढारी. ज्याला ज्याला शिव्या घालायच्या त्याचा पुतळा आणि त्याच्या गळ्यात पाटी. इतवारीच्या गल्ल्यांत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. गावातली रोगराई आणि इडापिडा घेऊन मारबतीने जायचे आणि मग तिचे दहन, अशी ही रीत.

या मिरवणुकीवर एक छोटा खेळ तयार होतो आहे. कंपनी नाही, पगार नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी कॉलेज सांभाळून, रात्री जागून, गोडो या फुकट मिळणाऱ्या इंजिनवर तो लिहिते. खेळाडूने गल्लीबोळांतून मारबत ओढत न्यायची, खिडक्यांतून लोक आपापल्या कटकटी ओरडून सांगतात त्या गोळा करायच्या, आणि गर्दीत न अडकता शेवटपर्यंत पोचायचे. खेळ उघडला की आधी दीड मिनिटाचा व्हिडिओ, खऱ्या मिरवणुकीचा. तो तिच्या मामांनी काढला. मामा लग्नाचे शूटिंग करतात. महाल भागात दुकान, व्हीएचएसच्या काळापासून. हा व्हिडिओ खेळात नीट चालेना आणि त्यावरून दोघांचे जे वाजले, ते बरेचसे माझ्यासमोर वाजले. मी जुन्या कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायला तिथे बसलो होतो. बोलणे त्यांचे, मधली लुडबूड माझी.

मामा : आधी एक गोष्ट मान्य कर. व्हिडिओत काही खराबी नाही. माझ्या मोबाईलवर चालतो, टीव्हीवर चालतो, या पीसीवर व्हीएलसीत चालतो. फक्त तुझ्या खेळात अडकून राहिला. मग दोष कोणाचा?

भाची : व्हीएलसीत चालतो हा पुरावा नाही, मामा. व्हीएलसी स्वतःचे सगळे डीकोडर घरून घेऊन येतो. त्याच्यात काहीही चालते. त्यावरून एवढंच कळते की फाईल फुटलेली नाही.

मामा : तेवढं पुरे नाही का?

भाची : नाही ना. एमपी4 हे नुसतं वेष्टन आहे. आत चित्र कोणत्या पद्धतीनं दाबून भरलं, आवाज कोणत्या पद्धतीनं, ते वेगळं. तुमच्या मोबाईलनं आत एच.265 भरलं. गोडो 4 ला ना ते वेष्टन उघडता येत, ना आतलं चित्र वाचता येत. त्याला स्वतःहून एकच येते : ऑगच्या वेष्टनातलं थिओरा.

मामा : म्हणून तर मी तुला नाव बदलून दिलं. डॉट एमपी4 खोडलं, डॉट ओजीव्ही केलं.

भाची : नाव बदललं, माल तोच राहिला.

मामा : बाप्पा! जगात सगळीकडे चालते ते तुझ्या इंजिनलाच काऊन नाही चालत?

भाची : पेटंटमुळे. एच.264 आलं 2003 मध्ये, त्याच्यानंतर एच.265 आलं 2013 मध्ये. दोन्हीवर कितीतरी कंपन्यांचे हक्क, आणि वापरायचं तर परवाना. फुकट वाटायच्या इंजिननं ते पोटात घेतलं तर उद्या बिल कोण भरणार? थिओराचं तसं नाही. ऑन2 नावाच्या कंपनीचं व्हीपी3 होतं, ते तिनं 2001 मध्ये खुलं करून टाकलं. झिफ फाउंडेशननं त्याच्यावर थिओरा उभं केलं, 2008 मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. जुनं आहे, गरीब आहे, पण कोणाचं देणं लागत नाही. गोडो 3 मध्ये वेबएमही चालायचं. 4 करताना तेही काढलं, सांभाळणं जड जात होतं म्हणून.

मामा : म्हणजे मी 4के मध्ये शूट केलेलं तू 2008 च्या डब्यात कोंबून राहिली.

भाची : 4के तर ठेवणारच नाही. हिशेब करा ना. एका फ्रेममध्ये 3840 गुणिले 2160, म्हणजे 82 लाख 94 हजार 400 ठिपके. एका ठिपक्याला चार बाईट धरा, एक फ्रेम 33 एमबी झाली. सेकंदाला तीस फ्रेम. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ 1 जीबी चित्र उलगडून ग्राफिक्स कार्डाकडे ढकलायचं. तुमच्या टीव्हीत आणि मोबाईलमध्ये एच.265 उलगडायला वेगळी चिप बसवलेली असते. थिओरासाठी तशी चिप कोणी बनवत नाही, सगळं सीपीयूच्या डोक्यावर. आणि त्याच सीपीयूनं माझा खेळही चालवायचा आहे, एका फेरीला जेमतेम 16 मिलिसेकंदांत. म्हणून अटकत अटकत चालते. 720 वर आणलं की ठिपके बरोबर नवव्या हिश्श्यावर येतात.

मामा : नवव्या हिश्श्यावर! मग मी 4के कशाला काढलं? लोकांच्या गच्चीवर उभं राहून?

इथे मनातून मी मामांच्या बाजूचा होतो. ज्याने तासभर कोपर भिंतीवर टेकवून कॅमेरा स्थिर धरला, त्याला नवव्या हिश्श्याचे गणित सांगणे म्हणजे जखमेवर मीठ. पण गणित भाचीचे होते आणि ते चुकलेले नव्हते. शिवाय हा खेळ बहुतेक जण मोबाईलवर, वीतभर पडद्यावर खेळणार. लग्नाचे अल्बम छापणाऱ्याला 4के लागते. बसमध्ये उभे राहून खेळणाऱ्याला नाही.

मामा : ठीक. पण रंगाचं काय? तू मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा पिवळी मारबत निळी होती. 1885 पासून पिवळी आहे ती. तुझ्या कम्प्युटरनं एका रात्रीत निळी केली.

भाची : ते गोडोच्या आधीचं. तेव्हा मी पायगेममध्ये लिहून राहिली होती. पायगेममध्ये पूर्वी व्हिडिओसाठी एक मॉड्यूल होतं, आता ते नाही. म्हणून मी ओपनसीव्ही वापरलं. ते व्हिडिओतून एकेक फ्रेम काढून देते. पण रंग देते उलट्या क्रमानं : निळा, हिरवा, लाल. पायगेम वाचते लाल, हिरवा, निळा.

मामा : आणि मिरवणूक आडवी पडली होती. गर्दी भिंतीवर चढून राहिली होती!

भाची : तेही तसंच. ओपनसीव्ही आधी उंची सांगते, मग रुंदी. पायगेमला आधी रुंदी हवी. दोघं आपापल्या जागी बरोबर, मधे मी.

मामा : आणि आवाज नव्हता.

भाची : ओपनसीव्ही सहसा आवाजाला हात लावत नाही. ते मुख्यतः चित्रांसाठी आहे.

मामा : आणि दुप्पट पळत होतं! माणसं अशी पळून राहिली होती, जसं काही मारबत त्यांच्याच मागं लागली.

भाची : व्हिडिओ सेकंदाला तीस फ्रेमचा, माझी फेरी सेकंदाला साठ वेळा फिरते. मी दर फेरीला एक फ्रेम उचलत होते. झाला दुप्पट वेग.

या चौकशीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट रंगांची. पिवळा म्हणजे लाल 255, हिरवा 255, निळा 0. टोकांची अदलाबदल केली की लाल 0, हिरवा 255, निळा 255 : झाला आकाशी. पिवळी मारबत नेमकी अशीच निळी पडली. पण काळी? काळ्यात तिन्ही शून्य. कितीही अदलाबदल करा, काळी ती काळीच. भाचीने आधी जो तुकडा लावून पाहिला त्यात काळी मारबत होती, भोवती पांढरे सदरे आणि करडा रस्ता. तिन्ही रंगांचे आकडे जिथे सारखेच, तिथे ही चूक दिसणारच नाही. चूक होती पहिल्यापासून. तिला उघडे पाडायला पिवळी यावी लागली. मामांनी हे ऐकले आणि खुर्चीत सरसावून बसले.

मामा : म्हणूनच दूरदर्शन सुरू व्हायच्या आधी त्या रंगीत पट्ट्या दाखवायचं. त्या काय शोभेला होत्या? पिवळा, आकाशी, हिरवा, जांभळट, लाल, निळा. सगळे एका रांगेत. काही बिघडलं की लगेच दिसते. तू आधी पट्ट्या का नाही लावल्या?

भाची : हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

मामा : कॉलेजात काय शिकवतात मग?

भाची : बरं, तुमच्या कामाचं सांगते. पायगेमच्या त्या जुन्या मॉड्यूलला फक्त एमपेग-1 चालायचं.

मामा : एमपेग-1? म्हणजे आपली व्हीसीडी! 352 गुणिले 288, सेकंदाला 25 फ्रेम. एका लग्नाच्या तीन-तीन डिस्क व्हायच्या. माझ्या कपाटात आहेत ना अजून.

भाची : आता त्याची पेटंटंही संपली. सी भाषेत एका फाईलीत मावेल एवढा डीकोडर मिळतो, पीएल-एमपेग नावाचा. स्वतःचं इंजिन लिहिणारे हौशी लोक आजही तोच घेतात.

मामा : पाह्य! व्हीसीडीला लोक हसत होते.

भाची : मीही घेतला होता मधे. गोडो नको, सगळं स्वतः लिहीन म्हटलं. त्यात दुसरीच गंमत झाली. या वेळी पिवळी बरोबर आली आणि काळी बिघडली. राखाडी दिसायला लागली, धुतल्यासारखी.

मामा : फिकी?

भाची : हो. व्हिडिओत काळं म्हणजे शून्य नसते, 16 असते. आणि पांढरं 255 नाही, 235. ही टीव्हीची जुनी रीत. तो 16 ताणून शून्यावर आणायचं काम दाखवणाऱ्यानं करायचं. मी केलं नाही, म्हणून काळी मारबत राखाडी. आणि अगदी पहिल्या क्षणी पडदा हिरवागार चमकायचा.

मामा : हिरवा कुठून आला?

भाची : व्हिडिओत लाल-हिरवा-निळा नसतातच. एक उजेडाचा आकडा आणि दोन रंगाचे. रंगाच्या आकड्यांचं मधलं घर 128, तिथं रंग नसतो. पहिली फ्रेम यायच्या आधी मेमरी रिकामी, तिन्ही आकडे शून्य. ते शून्य रंगात उतरवले की लाल नाही, निळा नाही, उरतो हिरवा. पहिली फ्रेम हातात येईपर्यंत काहीच दाखवायचं नाही, एवढं केलं की गेलं.

पडद्यावर हिरवे दिसले तर रिकामी मेमरी, पिवळ्याचे आकाशी झाले तर रंगांचा क्रम, काळे फिके पडले तर 16 आणि शून्याचा घोळ, चित्र तिरके कापल्यासारखे घसरत गेले तर ओळींच्या लांबीचा हिशेब. वैद्याला नाडीवरून कळावे तसे या पोरीला आता रंगावरून कळते. मामांनाही कळायचे, कॅसेट घासली की हेड खराब हे. मला वाटते त्यांचे भांडण त्यामुळेच जास्त रंगत होते : दोघांनाही बिघाड वाचता येत होता, फक्त वेगवेगळ्या काळातला.

खरे जुंपले ते आवाजावरून.

मामा : रंग जाऊ दे. ढोलाचं सांग. टिपरू पडते आणि आवाज मागून येते. हे मला सहन होत नाही.

भाची : मी आवाज 600 मिलिसेकंद आधी सुरू करून पाहिला. मधे कुठंतरी बरोबर जुळते. पण आता सुरुवात बिघडली, आणि शेवटी तर अजूनही मागेच आहे.

मामा : थांब. मोबाईल दे. दार लाव, रस्त्याचा आवाज येऊन राहिला.

मामांनी मोबाईल स्टँडवर लावला, समोर उभे राहिले आणि एकदा टाळी वाजवली. मग शांतपणे घड्याळाकडे पाहत उभे राहिले. दीड मिनिटाने पुन्हा एक टाळी. बाकी काही नाही. हा तुकडा भाचीने तिच्या नेहमीच्या वाटेने खेळात घातला. पहिली टाळी : हात भिडले आणि आवाज आला. दुसरी टाळी : हात भिडले, वेगळे झाले, खाली आले, आणि मग आवाज.

मामा : दोन्हीकडे सारखाच फरक असता तर तुझी 600 ची गोळी लागू पडली असती. इथं फरक वाढत गेला. सुरुवात चुकली नाही, चाल चुकली. तू फ्रेमचं काय करून राहिली मधे?

भाची : मला चित्र ठिपक्या-ठिपक्यांचं, जुन्या व्हिडिओ गेमसारखं करायचं होतं. म्हणून ओपनसीव्हीनं सगळ्या फ्रेम सुट्या काढल्या, एकेकीवर काम केलं आणि तीसच्या वेगानं परत जोडल्या. आवाज मूळ फाईलमधला लावला.

मामा : मोबाईलनं तीसच काढल्या होत्या कशावरून?

भाची : सेटिंगमध्ये तीस लिहिलं आहे.

मामा : लग्नाच्या हॉलमध्ये लाईट गेली की मोबाईल काय करतो माहीत आहे? एकेक फ्रेम लांबवतो, उजेड मिळावा म्हणून. तापला तरी तसंच. म्हणून मी लग्नाला मोबाईल वापरत नाही.

तिने मिरवणुकीच्या व्हिडिओच्या फ्रेम मोजल्या. नव्वद सेकंदांच्या तीसप्रमाणे 2700 हव्या होत्या. फाईलीत होत्या 2664. छत्तीस कमी. तीसच्या वेगाने जोडल्यावर चित्र 88.8 सेकंदांत संपत होते आणि आवाज नव्वदपर्यंत चालत होता. मोबाईलचा व्हिडिओ बहुतेकदा असाच असतो. प्रत्येक फ्रेमवर ती कधी दाखवायची याची वेळ लिहिलेली असते आणि दोन फ्रेममधले अंतर कमीजास्त होते. ती वेळ वाचणाऱ्या प्लेअरला सगळे बरोबर दिसते. तीस धरून मोजणाऱ्याचा हिशेब चुकत जातो. उपाय म्हणजे फ्रेम सुट्या करण्याआधीच एफएफएमपेग या प्रोग्रामने पूर्ण व्हिडिओ एकसारख्या तीसवर आणायचा; जिथे कमी तिथे ते आधीची फ्रेम दुसऱ्यांदा लावते.

भाची : छत्तीस फ्रेम. हे मी कोडमध्ये शोधून राहिली होती.

मामा : आणि ऐक. थोडा आवाज मागं राहिला तरी चालते. ढोल 40 मीटरवर असला तर आवाज यायला जवळजवळ 120 मिलिसेकंद लागतात, आपल्या कानाला त्याची सवय आहे. पण आवाज आधी आला की माणूस दचकतो. टिपरू वर आहे आणि ढोल वाजला, असं जगात कुठं होत नाही.

याला आधार आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत हाच फरक धरलेला आहे : आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला जाणवू लागते, मागे राहिला तर 125 पर्यंत खपून जाते. तीसच्या व्हिडिओत एक फ्रेम 33 मिलिसेकंदांची. म्हणजे आवाज दोन फ्रेम पुढे गेला तरी जाणवतो.

मामा : म्हणून मी म्हणतो, आवाजाच्या मागं चित्र चालव. वरातीत बँड कोणाच्या चालीनं चालतो? बँड स्वतःच्या चालीनं चालतो. घोडी, नवरदेव, नाचणारे, सगळे त्याच्या मागं. बँड थांबला की वरात थांबते. घोडी हळू झाली म्हणून कोणी ताल हळू करत नाही.

भाची : प्लेअर तसंच करतात, मामा. साउंड कार्डाचं घड्याळ खरं मानतात. चित्र मागं पडलं तर फ्रेम गाळतात, पुढं गेलं तर आधीचीच धरून ठेवतात. फ्रेम गाळलेली डोळ्याला कळत नाही. आवाजात बारीक खंड पडला तरी टक् असं होते. इथपर्यंत तुमचं मान्य.

मामा : मग भांडण कशाचं?

भाची : खेळाचं घड्याळ तिसरं आहे. खेळाडूनं मधेच थांबा म्हटलं, खेळाची वेळ थांबली. फोन आला, खेळ मागं गेला. मी स्वतः लिहिलेल्या प्लेअरमध्ये पडदा थांबलेला आणि आतून आवाज चालूच. परत आला तर वीस सेकंद निघून गेलेले, आणि व्हिडिओ ते भरून काढायला धावते. बँड आपल्या चालीनं चालो, पण चौकात पोलिसानं हात दाखवला की बँडवाल्यालाही थांबावं लागते ना? तो पोलीस माझा खेळ आहे.

मामा : वरातीतल्या बँडला पोलीस थांबवतात, हे तू कधी पाहिलं? नागपुरात?

दोघेही हसले, पण प्रश्न तसाच राहिला. व्हिडिओवाल्याच्या मनात वेळ ही ठरलेली गोष्ट असते. एकदा कापून जोडले की सतराव्या सेकंदाला जे आहे ते प्रत्येकाला सतराव्याच सेकंदाला दिसणार. खेळ लिहिणाऱ्याच्या मनात वेळ खेळाडूच्या बोटात असते. व्हिडिओ खेळात घालणे म्हणजे या दोन समजुती एका घरात नांदवणे, आणि रंगापासून आवाजापर्यंतची निम्मी दुखणी त्यातूनच उठतात असे मी म्हणेन. निम्मीच, कारण रंगांची दुखणी घड्याळाची नव्हेत, ती निव्वळ निष्काळजीपणाची.

भाची : खरं सांगू? मला वाटते व्हिडिओ नकोच. मिरवणूक मी खेळातच काढते. अनदर वर्ल्ड नावाचा खेळ होता, 1991 चा, एरिक शाहीनं जवळजवळ एकट्यानं केला. त्यात गोष्ट सांगणारे प्रसंग आहेत, पण व्हिडिओ नाही. साध्या रंगवलेल्या बहुभुज आकृत्या, खेळतानाच काढलेल्या. फ्लॉपीत मावायचा तो. तुमचा दीड मिनिट सेकंदाला 4 मेगाबिटनं ठेवला तरी 45 एमबी होतो. बाकी सगळा खेळ मिळून त्याच्या अर्धा नाही.

मामा : मग व्हिडिओचे खेळ कोणी केलेच नाहीत का?

भाची : केले. ड्रॅगन्स लेअर, 1983. लेसर डिस्कवर अख्खी कार्टून फिल्म, खेळाडूनं फक्त वेळेवर दांडा हलवायचा किंवा बटण दाबायचं. दिसायला सुंदर. पण त्यात खेळाडूच्या हातात काही नाही, फिल्म पुढं न्यायची एवढंच. उलट प्रिन्स ऑफ पर्शिया पाहा, 1989. जॉर्डन मेकनरनं भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, शूटिंग केलं, आणि त्याच्यावरून एकेक हालचाल काढली.

मामा : म्हणजे आधी व्हिडिओच काढला ना!

भाची : काढला, पण खेळात नाही घातला.

मामा : हे पाह्य, पळणारा माणूस तू काढशील. गल्लीही काढशील. पण हा बडगा पाह्य. खड्ड्यांवरचा. ती पाटी कोणीतरी रात्री बसून लिहिली आहे, शाई ओघळली आहे, शेवटच्या ओळीत जागा पुरली नाही म्हणून अक्षरं चिपकवली आहेत. गच्चीवरची ही आजी पाह्य, हात जोडून शिव्या देऊन राहिली. हे तू काढशील? काढलं तरी ते तुझं होईल, तिचं नाही. आणि पुढच्या वर्षी हा बडगा नसतो. तो त्या दिवशीच जळला.

भाची काही वेळ बोलली नाही. आजीचा चेहरा असा जगभर खेळात दाखवावा का, हा प्रश्न मी मधे टाकला. मामा म्हणाले, गच्ची तिच्याच नातवाची होती, मी विचारून घेतो. ते विचारतील, कारण लग्नाचे शूटिंग करणाऱ्याला कोणाचा चेहरा कुठे जातो याची समज असावी लागते, नाहीतर धंदा बंद.

भाची : ठीक. पण दीड मिनिट नाही.

मामा : किती?

भाची : वीस सेकंद.

मामा : तीन तासांचं लग्न मी तीन मिनिटांत बसवतो. वीस सेकंद देतो. पण मग 720 नको, 1080 दे.

भाची : 720. जुन्या मोबाईलवर चालला पाहिजे.

आणि जुन्या मोबाईलवर नेमका तो चाललाच नाही. नवा व्हिडिओ थिओरात, सारख्या तीसवर, आवाज जुळलेला, लॅपटॉपवर झकास. अँड्रॉइडसाठी बांधून मामांच्या जुन्या फोनवर टाकला तर काळा पडदा, आणि खेळ तिथेच बसून. भाचीने या वेळी कोड उघडले नाही. आधी फाईलचे नाव पाहिले. फोल्डरमध्ये मारबतचे पहिले अक्षर मोठे, इंग्रजी कॅपिटल, कोडमध्ये छोटे. विंडोजला दोन्ही सारखे, अँड्रॉइडला ती दोन वेगळी नावे. अक्षर बदलले, व्हिडिओ आला.

मामा : एवढंच? मग मघाशी मी नाव बदललं तेव्हा काऊन हसली?

भाची : खरी चूक नावाची नाही, मामा. व्हिडिओ संपला अशी खूण आली की खेळ सुरू करायचा, असं मी लिहिलं होतं. जो सुरूच झाला नाही तो संपेल कसा? म्हणून खेळ अडकला. आता दोन सेकंदांत व्हिडिओ सुरू झाला नाही तर सरळ खेळ सुरू. कोणाच्या फोनवर काय होईल सांगता येत नाही. व्हिडिओ नाही दिसला तर खेळाडू मला माफ करेल, खेळच नाही उघडला तर काढून टाकेल.

मामा : म्हणजे माझं शूटिंग दिसलं काय, नाही दिसलं काय, तुझं अडत नाही.

भाची : आणि कुठंही बोट लावलं की व्हिडिओ संपणार. पुढे जायचं बटण.

मामा : वीस सेकंदही धीर नाही? पहिले पाच तरी सक्तीचे ठेव.

भाची : पहिल्यांदा उघडेल त्याला पाच. दुसऱ्यांदापासून शून्य.

मामा : मग त्या पाचात काय दाखवू? पिवळी?

भाची : खड्ड्यांचा बडगा. पाटी वाचता आली पाहिजे. तुम्ही ती मोठ्यानं वाचा, जिथं संपते तिथं कापा. पाचाचे सहा झाले तर सहा ठेवते.